जुन्या विस्तवाचं वर्ष

सकाळी फाटकाबाहेर आल्यावर क्वाकोची नजर रोजच्यासारखी आधी बायकांच्या मांडवाकडे गेली. तिथे धूर नव्हता.

कैदी बायका विस्तव जिवापाड जपायच्या. नदीकाठच्या त्या ओल्या जागेत तो एकदा विझला की पुन्हा पेटवायला जीव मेटाकुटीला यायचा. चार दिशांना चार ओंडके, त्यांची टोकं मध्ये एकमेकांना भिडलेली. टोकं जळत आली की ओंडके पायाने आत सरकवायचे. हिवाळ्यात त्यांना पकडून आणलं तेव्हापासून तो विस्तव एकदाही विझला नव्हता. आज मात्र चारही ओंडके लांब ओढून ठेवले होते, राख काढून टाकली होती आणि चुलीच्या जागी धुतलेली पांढरी वाळू पसरली होती.

क्वाकोला आधी आनंद झाला आणि मागोमाग भीती वाटली.

आनंदाचं कारण असं की नव्या मक्याचा सण आला होता. त्या दिवशी सेमिनोल, म्हणजे या दलदलीच्या मुलखातली आदिवासी माणसं, जुना विस्तव घराघरांतून विझवतात, दिवसभर तोंडात काही घालत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव काढतात. तिथून नवं वर्ष. खून सोडला तर जुन्या वर्षातला कुठलाही गुन्हा त्या विस्तवापलीकडे येत नाही. गुन्हा करून रानात लपलेला माणूस त्या सकाळी सगळ्यांसमोर येऊन उभा राहतो, आणि त्याला पुन्हा कोणी एका शब्दाने काही विचारत नाही.

भीतीचं कारणही तेच होतं. गोऱ्यांच्या फौजेशी चाललेल्या युद्धाचं हे सहावं वर्ष. सैनिकांच्या हाती लागू नये म्हणून माणसं दलदलीत दोन-दोन, चार-चार कुटुंबांनी विखरून राहत. वर्षातून एकदा, या सणाला मात्र सगळी एका जागी जमत. काही दिवसांपूर्वी हरणाचं वाळवलेलं मांस विकायला एक बाई किल्ल्यावर आली होती. जाताना तिने म्हाताऱ्या सेहोईच्या मांडीवर काड्यांची लहानशी जुडी टाकली. रोज एक काडी मोडायची, जुडी संपेल तो सणाचा दिवस. तशीच जुडी दलदलीतल्या प्रत्येक कुटुंबाकडे गेली असणार. म्हणजे आज ती सगळी एकत्र होती, मुलाबाळांसकट. आणि त्यांच्यात क्वाकोचा मुलगा इचो होता.

किल्ल्याचं नाव फोर्ट हॅस्केट. ज्या लेफ्टनंटचं नाव त्याला दिलं होतं तो लढाईत पडला नव्हता, हगवणीने गेला होता. दगड त्या मुलखात औषधालाही मिळत नसे, त्यामुळे किल्ला लाकडाचा: पाइनच्या टोकदार खांबांचा तट, दोन कोपऱ्यांवर दोन माड्या, मध्ये कोठार, स्वयंपाकघर, आणि आजाऱ्यांचा तंबू, जो सगळ्यांत मोठा होता. पहिल्यांदा तो बांधला तो युद्धाच्या दुसऱ्या वर्षी. उन्हाळ्यात तापाची साथ आली आणि सैनिक तो तसाच टाकून निघून गेले. तेव्हा क्वाको या बाजूला नव्हता. तो पलीकडच्या काठावर बायकोशेजारी उभा होता, आणि बायकोचा भाऊ ओसान हातात पेटती चूड घेऊन रिकाम्या तटाकडे होडी वल्हवत होता. सेहोई, क्वाकोची सासू, तीही तिथेच होती. किल्ला पडेपर्यंत ती जागची हलली नाही. पुढच्या थंडीत सैनिक परतले आणि त्यांनी त्याच जागी, जळक्या बुंध्यांच्या मधूनमधून नवे खांब रोवले.

तेही आता कुजत आले होते. डॉक्टर वेदरली रोज एखाद्या खांबात बोट खुपसून पाहायचे. खांब वर टिकतो, खाली खोल मातीतही टिकतो. कुजतो तो जिथे माती आणि हवा एकमेकांना भेटतात तिथे, असं त्यांनी क्वाकोला दाखवलं होतं. क्वाकोला ते फार पटलं होतं. त्याचीही जागा तीच होती.

तो जन्मला जॉर्जियात, गुलाम आईच्या पोटी. आईने त्याला पाठीशी बांधून सेमिनोलांच्या मुलखात पळ काढला. तो इथेच वाढला, इथेच त्याने लग्न केलं. बायको युद्धात तापाने गेली. मुलगा रीतीप्रमाणे मामाच्या हाताखाली वाढू लागला. मागच्या पानगळीत मासे धरताना क्वाको सैनिकांच्या तावडीत सापडला. कॅप्टन स्टॅनफिलने त्याला समोर बसवून सांगितलं की जॉर्जियाचा एक मळेवाला त्याच्यावर हक्क सांगतोय. पण फौजेला दुभाष्या हवाय, वाटाड्या हवाय. काम केलंस तर मी तुला त्याच्या हाती देणार नाही, इतर कैद्यांबरोबर पश्चिमेला, तुमच्या लोकांसाठी राखलेल्या जागेत पाठवीन. क्वाकोने आठवडाभर नकार दिला. मग त्याने मक्याचं एक कोठार दाखवलं. माणसं नव्हे, नुसतं धान्य, असं त्याने मनाला समजावलं होतं. पण त्या दिवशी तिथे बायका मका सोलत बसल्या होत्या. सैनिकांनी धान्य जाळलं आणि बायकांना पोरांसकट हाकत किल्ल्यावर आणलं. त्यांच्यात सेहोई होती.

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. काही सांगायचं झालंच तर पोलीकडून सांगायची. पोली तिच्याच कुळातली, नात्याने क्वाकोची मेहुणी, आणि जिभेला हाड नसलेली. दोघं एकमेकांसमोर उभी, भाषाही एकच, तरी सेहोई पोलीकडे तोंड करून म्हणायची, "याला सांग, लाकूड ओलं आणलंय." पोली वळून तेच पुन्हा सांगायची. एकदा ती म्हणाली होती, "दाजी, तुम्हाला या कामाचा फौज शिधा देते. मला काय मिळतं?"

आज पोली त्याला बायकांनी लावलेल्या मक्याच्या वाफ्याजवळच भेटली. तोंड उपासाने सुकलेलं, पण डोळ्यांत मिस्कीलपणा शाबूत.

"दाजी, आज कामावर शेवटचा दिवस माझा," ती म्हणाली. "उद्या नवा विस्तव निघाला की म्हातारीला तुमच्याशी बोलावंच लागणार. रीत आहे. मला म्हणाली, त्याला सांग, बोलण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, पण बोलेन."

 क्वाकोने मांडवाकडे पाहिलं. सेहोई पांढऱ्या वाळूशेजारी पाठ ताठ करून बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यामुळे तिला आता माणसं आकारावरून ओळखावी लागत. घासायची दोन लाकडं तिने मांडीवर घेतली होती आणि त्यांवरून ती बोट फिरवत होती. हिवाळ्यापासून त्याच्या छातीत जे अडकून बसलं होतं ते उद्या सकाळी निघणार होतं. फक्त उद्यापर्यंत चुलीबद्दल कोणी विचारायला नको होतं.

फाटकातून हाक आली. कॅप्टनने बोलावलं होतं.

कॅप्टन स्टॅनफिल चाळिशीतला, तापाने पिवळा पडलेला माणूस. तो ओरडत नसे, त्यामुळे लोक त्याला जास्त भीत. खोलीत डॉक्टर वेदरलीही बसले होते. कॅप्टनने खिडकीतून मांडवाकडे बोट केलं आणि बायकांनी चूल का विझवली म्हणून विचारलं.

क्वाकोने वाटेतच उत्तर ठरवलं होतं. म्हातारीची बहीण वारली, तो म्हणाला, तिकडे दलदलीत. मांसवालीने बातमी आणली. दुखवट्यात चूल विझवतात.

कॅप्टनने मान हलवली. तेवढ्यावर ते संपलं असतं. पण डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांना काही आठवलं की ते नेहमी असेच सरकायचे.

"पण क्वाको, हिवाळ्यात तू मला वेगळंच सांगितलं होतंस. नव्या मक्याच्या वेळी विझवतात म्हणालास. सगळी जमात एकत्र येते म्हणालास. दुखवट्यातही विझवतात का? हे मला माहीत नव्हतं."

त्यांच्या आवाजात संशय मुळीच नव्हता, नुसती उत्सुकता होती. हिवाळ्यात डॉक्टरांच्या शेगडीजवळ बसून याच आवाजाला क्वाको भुलला होता. कुंटी नावाच्या झुडपाचं विषारी मूळ किती पाण्यांनी धुतल्यावर खाण्याजोगं होतं, ओलं असून कुठलं लाकूड जळतं, नवा विस्तव कसा काढतात, असं सगळं डॉक्टर विचारत राहायचे. आयुष्यात त्याला इतके प्रश्न कोणी धमकावल्याशिवाय विचारले नव्हते. ऊब होती, ऐकणारा माणूस होता. तो सांगत गेला होता.

"दुखवट्यातही विझवतात, डॉक्टर," तो म्हणाला.

कॅप्टन खिडकीशी गेला. बाहेर अंगणात सैनिक पाठपिशव्यांत कडक बिस्किटं भरत होते. ते आता क्वाकोच्या ध्यानात आलं.

"डॉक्टर, जुना विस्तव सणाच्या दिवशी घरात आला तर काय होतं म्हणाला होता हा?"

"सण मोडतो. विटाळ. त्यांच्या लेखी नवं वर्ष लागतच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते समजल्यासारखे खाली पाहू लागले.

"माझी आई गेली तेव्हा आमची चूल शेजाऱ्यांनी पेटवली होती," कॅप्टन म्हणाला. "शेजारधर्म. तसा आपणही पाळू. स्वयंपाकघरातले निखारे पाठवतो त्यांना. कॉर्पोरल डूलन नेईल, तू बरोबर जा. बहीणच वारली असेल तर घेतील बिचाऱ्या, आभार मानतील. नाही घेतले, तर दुपारी आम्ही निघालो. दलदलीतलं ते मक्याचं बेट माझ्या माणसांनी महिन्यापूर्वीच हेरून ठेवलंय. हात लावला नाही, कारण तिथे सगळे एकत्र हवे होते मला."

मग तो काहीसा मवाळ होत म्हणाला, "माझी साठ माणसं त्या टेकाडावर पुरलीत, क्वाको. मलाही हे संपवायचंय."

कॉर्पोरल डूलन हा आयर्लंडचा, तांबड्या केसांचा, सतत कुरकुरणारा माणूस. लोखंडी तव्यात निखारे घेऊन तो फाटकातून निघाला तेव्हा ऊन चढलं होतं आणि तव्यावरची हवा थरथरत होती. तट ओलांडून मांडवापर्यंत काही फार अंतर नव्हतं. मागे फाटकात कॅप्टन आणि डॉक्टर उभे राहिले.

"आमच्याकडे मे महिन्याच्या पहिल्या दिवशी विस्तव घराबाहेर देत नाहीत," डूलन चालता चालता म्हणाला. "शेजारीण मागायला आली तर माझी आई दार लावून घ्यायची. दिला की घरातलं बरं सगळं त्याच्याबरोबर जातं. आणि इथे मी हा तवा घेऊन दारोदार." थोडं चालून तो हळूच म्हणाला, "काय रे, यांनी नाही घेतला तर काय होतं?"

"तुला दलदलीत जावं लागतं," क्वाको म्हणाला.

"मग घ्या म्हणावं."

मांडवाशी पोचल्यावर बायका उठून उभ्या राहिल्या. तव्यात काय आहे ते त्यांना दिसलं होतं. एका तरुण बाईने पोराला उचललं आणि ती वाळूच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. सेहोई बसूनच होती. तिने मान वर केली. तिला निखाऱ्यांचा वास आला असावा.

क्वाको वाळूच्या कडेला थांबला. डूलनला त्यांची भाषा कळत नव्हती, पण फाटकातून दोन माणसं पाहत होती, म्हणून क्वाकोने हातवारे न करता, दुखवट्याला आलेला माणूस बोलेल तसं खालच्या आवाजात सांगितलं. कॅप्टनला संशय आलाय. मी सांगितलं, तुमची बहीण वारली म्हणून चूल विझवली. खरं की खोटं पाहायला त्याने हा विस्तव पाठवलाय. घेतला तर प्रश्न मिटला. नाही घेतला तर सैनिक दुपारी निघतील. मक्याचं बेट त्यांना माहीत आहे. पिशव्या भरून तयार आहेत.

बायकांमध्ये कुजबुज उठली आणि सेहोईने हात वर करताच थांबली.

ती पोलीकडे वळली. "याला विचार, विस्तवाचा अर्थ त्या गोऱ्याला कोणी सांगितला."

पोलीने क्वाकोकडे पाहिलं. आज तिच्या तोंडून थट्टेचा शब्द निघत नव्हता. तिने प्रश्न पुन्हा उच्चारला नाही, आणि तशी गरजही नव्हती.

"मी," क्वाको म्हणाला. "हिवाळ्यात. डॉक्टरनं विचारलं, मी सांगितलं."

सेहोईने मांडीवरची दोन लाकडं उचलली. क्षणभर क्वाकोला वाटलं, ती लगेच घासायला लागेल, सैनिकांच्या डोळ्यांदेखत, आणि मग जे व्हायचं ते होवो. तो मनातल्या मनात दलदलीतली वाट चालून गेला: नदीचं वळण, सायप्रसचं रान, मग ते बेट, आणि बेटावर अंग रंगवून उपाशी बसलेली माणसं. त्यांच्यात इचो असेल. तो आता बाप्यांच्या ओळीत बसण्याएवढा झाला असेल. सणाच्या दिवशी बंदुका दूर ठेवतात.

सेहोईने लाकडं शेजारी वाळूवर ठेवली आणि ती उठली. आधारासाठी पोलीने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. अंदाजाने चालत ती डूलनसमोर आली, आणि दोन्ही हात पुढे केले.

"अगं बाई, भाजेल," डूलन त्याच्या भाषेत म्हणाला आणि तवा मागे घेतला. तिने तव्याचा दांडा चाचपून शोधला आणि तवा त्याच्या हातून काढून घेतला.

तिने निखारे पांढऱ्या वाळूवर ओतले. वाळू चर्र वाजली. मग तिने एकेक ओंडका ओढून चारही टोकं निखाऱ्यांना भिडवली, गुडघ्यांवर बसली आणि फुंकू लागली. कोणी मदतीला आलं नाही. तिने तसं करू दिलं नसतं. बऱ्याच वेळाने धुराची पातळ रेघ निघाली, छपराला अडली आणि झावळ्यांतून बाहेर पडली.

"पेज ठेव," ती पोलीला म्हणाली. "मीठ घालून."

उपासात मीठ वर्ज्य. पोली हलली नाही, तशी सेहोईने स्वतःच मडकं ओढलं. पेज कोमट होईपर्यंतही ती थांबली नाही. लाकडी पळीने तिने पहिला घोट घेतला, फाटकातल्या लोकांना दिसेल असा, पळी उंच धरून. मग ती इतर बायकांना म्हणाली, "बघत काय बसलात? आपल्यात कोणी मेलंय म्हणून यानं सांगितलंय. मग रडा. रडण्यासारखं पुष्कळ आहे."

आधी तरुण बाईचा आवाज फुटला. मग दुसरीचा. पाहता पाहता तो आक्रोश नदीवरून पलीकडे जाऊ लागला. त्यात खोटं काही नव्हतं. त्या सगळ्या तोंडाला पळी लावून, हुंदके देत, खारट पेज गिळत होत्या. डूलनने टोपी काढली.

पोलीने एक वाडगं भरून क्वाकोसमोर धरलं. तो ते घेईपर्यंत सेहोईने तोंड फिरवलं होतं.

"याला सांग," ती म्हणाली, "आपलं हे वर्ष अजून मागचंच आहे."

पोलीने ते पुन्हा सांगितलं. त्याने पेज प्यायली. त्याच्या पेजेतही मीठ होतं.

फाटकात कॅप्टनने डॉक्टरांना काहीतरी म्हटलं आणि तो आत गेला. दुपारपर्यंत सैनिकांनी पिशव्या रिकाम्या केल्या. डॉक्टर मात्र तिथेच उभे होते. क्वाको जवळून जाताना ते म्हणाले की त्या बाईच्या बहिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं. ते मनापासून बोलले की समजून-उमजून, ते क्वाकोला कधीच कळलं नाही. त्यानंतर त्यांनी त्याला काही विचारलं नाही. तापाची साथ आली तेव्हा त्यांनाच ताप चढला आणि टेकाडावर आणखी एक खड्डा खणावा लागला.

साथ त्या वर्षी लवकर आली. सकाळी कवायतीला उभे राहणारे संध्याकाळी तंबूत असायचे. बायकांतही दोन पोरं दगावली. टँपाच्या मुख्य छावणीतून हुकूम आला की फोर्ट हॅस्केट कायमचा सोडायचा, कैद्यांना होड्यांतून समुद्रावर न्यायचं, तिथून जहाजाने पश्चिमेला. कॅप्टनने शब्द पाळला: जॉर्जियाच्या मळेवाल्याला कळण्याआधी क्वाकोचं नाव जाणाऱ्यांत घातलं.

दलदलीतून काहीच बातमी आली नाही. मांसवाली पुन्हा फिरकली नाही. तिथे सण झाला का, किती माणसं जमली, इचो होता का, हे क्वाकोने विचारावं असं कोणी नव्हतं. सैनिक गेले नव्हते, एवढंच त्याच्याजवळ होतं. सेहोई दिवसेंदिवस वाळत चालली. ती जेवायची, चालायची, पोलीशी दोन शब्द बोलायची. पण सणाची लाकडं तिने चुलीत घातली होती, आणि मांडवातला तो विस्तव विझला तरी आता तिला काही वाटत नव्हतं. दोनदा विझला. दोन्ही वेळा पोलीने स्वयंपाकघरातून आणला.

निघण्याच्या सकाळी धुकं होतं. सामान होड्यांत चढत असताना क्वाको कॅप्टनच्या शेजारी उभा होता, बायकांना कुठे बसायचं ते सांगायला. तेव्हाच कॅप्टनने डूलनला बोलावलं आणि शेवटच्या होडीसोबत मागे राहायला सांगितलं. कोठारात डांबराची तीन पिंपं आहेत, ती तटाच्या बुंध्याशी ओत, आणि आम्ही वळणापलीकडे गेलो की पेटव. कोणाच्या उपयोगाला काही शिल्लक ठेवायचं नाही.

होड्या सुटल्या. सेहोई क्वाकोच्या होडीत आली होती, कारण दुसरीत जागा नव्हती. ती मागे तोंड करून बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. पोली पुढच्या होडीत होती, हाकेच्या बाहेर. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच त्या दोघांमध्ये कोणी नव्हतं.

नदीचं वळण गेलं. धुकं विरलं. मग झाडांच्या शेंड्यांवर धूर चढू लागला, आधी एक खांब, मग दोन, मग सगळं एक होऊन. कोरड्या पाइनचा तडतडाट पाण्यावरून ऐकू येत होता. वल्हवणाऱ्या सैनिकांनी मागे पाहिलं आणि पुन्हा वल्ही मारली.

सेहोईने नाक वर केलं. तिच्या ढगाळ डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत असावं. बराच वेळ ती त्या दिशेला तोंड करून राहिली. मग ती बोलली. आजूबाजूला पोली नव्हती, आणि तिने पोलीला हाकही मारली नाही.

"किल्ला जळतोय?"

"हो, आई."

"मागच्या वेळी ओसाननं लावली होती. आता कोणी लावली?"

क्वाकोने मागे पाहिलं. वळणावर शेवटची होडी दिसू लागली होती, आणि तिच्यात डूलनचे तांबडे केस. सोळा वर्षांचा इचो, अंग रंगवलेला, हातात नव्या विस्तवाची चूड, तट ओलांडून पळतोय, हे चित्र त्याला फार स्पष्ट दिसलं. इतकं की खरं बोलायला तोंड उघडून त्याने तेच सांगितलं.

"आपल्या माणसांनी," तो म्हणाला. "काठावर दिसले मला. इचोपण होता."

सेहोईचे ओठ हलले. ती हिशोब करत होती: सण झाला, विस्तव निघाला, तो तटाला लागला.

"धूर कसा आहे?" तिने विचारलं. "पांढरा, का काळा?"

डांबर जळलं की धूर काळा होतो, हे त्या मुलखात सगळ्यांना माहीत होतं. आणि डांबर फक्त फौजेकडे होतं.

झाडांवर धूर चढत होता. शाईसारखा काळा, आणि वर जाऊन पसरणारा.

"पांढरा," क्वाको म्हणाला.

सेहोईने सुस्कारा टाकला आणि हात पुढे केला.

"पाणी दे, क्वाको," ती म्हणाली.

त्याने तुंबा भरून तिच्या हातात दिला. ती प्यायली, आणि तुंबा परत देताना तिने त्याचा हात क्षणभर धरून ठेवला. मग ती धुराकडे तोंड करून बसली, आणि तोही.